चित्रावर नाव घाला

"काय करता?" असं विचारलं की अनेकांचं उत्तर ठरलेलं: "नोकरी करते, आणि जरा चित्रंबित्रं काढते." त्या 'जरा'मध्ये आणि 'बित्रं'मध्ये कित्येक वर्षांची मेहनत झाकली जाते. स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायचा संकोच वाटत असेल, तर आधी प्रत्येक चित्रावर नाव घालायला लागा.

सही चित्र पूर्ण वाळल्यावर करायची, खालच्या कोपऱ्यात, कडेपासून किमान दीड सेंटीमीटर आत. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावताना कडेचा थोडा कागद झाकला जातो आणि अगदी टोकाला केलेल्या सहीची वेलांटी गायब होते. जलरंगात ० किंवा १ नंबरचा ब्रश आणि चित्रातलाच एखादा गडद रंग घ्या. स्केचपेनची शाई उजेडाने उडते, मार्करची कागदात पसरते. तैलचित्रावर सही व्हार्निशच्या आधी करा. व्हार्निशवर केलेली सही पुढे साफसफाईत त्याच्याबरोबरच निघून जाते. सही वाचता येईल अशी हवी, चेकवरचा फराटा इथे नको.

कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात. कॅनव्हास असेल तर हे सगळं मागच्या लाकडी पट्टीवर.

मग किंमत. ओळखीच्या माणसाचा चेहरा बघून भाव सांगणं सगळ्यात घातक. लांबी अधिक रुंदी, गुणिले एक ठरलेला दर, हा हिशोब सोपा पडतो. उदाहरणार्थ, दर १५० रुपये धरला तर १२ बाय १६ इंचाचं चित्र ४,२०० रुपयांना आणि २४ बाय ३२चं ८,४०० रुपयांना जातं. चौरस इंचावर मोजलं तर मोठ्या चित्राची किंमत एकदम चौपट होते आणि लहान चित्र कवडीमोल ठरतं. फ्रेमचे पैसे वेगळे लावा.

चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्क आपोआप विकला जात नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण एक मेख आहे: कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. तरीही कलाकार म्हणून नाव लागण्याचा आणि कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार तुमच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं, त्याची मोडतोड झाली. ते याच कलमावर लढले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला शिल्पाचे अवशेष परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

म्हणून सांगून काढून घेतलेल्या कामाच्या बिलावर, दोघांच्या सह्यांच्या वर, एवढं लिहाच: "मूळ चित्र विकले आहे. कॉपीराइट चित्रकाराकडे." आणि खाली नावापुढे 'चित्रकार'.