झडप सिव्हिअर की वजन सिव्हिअर

सोमवारची ओपीडी म्हणजे कोल्हापुरात नुसती जत्रा असते, त्यात दुपारी एक मावशी आल्या, वय अठ्ठावन्न, उंची १५२ सेंमी, वजन ११२ किलो. दुसरीकडचा इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट हातात, त्यावर 'सिव्हिअर ॲऑर्टिक स्टेनोसिस', म्हणजे हृदयातून मुख्य धमनीत रक्त सोडणारी झडप फारच अरुंद झालीय, आणि मुलगा डायरेक्ट ऑपरेशनच्या खर्चाचंच विचारतोय.

रिपोर्ट नीट वाचला तर झडपेचा एरिया १.१५ चौरस सेंमी, म्हणजे १ च्या वरच, आणि सिव्हिअर म्हणतात १ च्या खाली. मग सिव्हिअर कुठनं आलं? तर तो एरिया बीएसएने, म्हणजे उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागाने, भागला होता, मावशींचा बीएसए निघतो २.०४ चौरस मीटर, भागाकार ०.५६, आणि ०.६ च्या खाली गेलं की सिव्हिअर म्हणायचं. आता मला सांगा, माणूस जाड झाला म्हणून झडप थोडीच मोठी होते? घरावर मजले चढवले तरी दार तेवढंच राहतं की! याच मावशी ६० किलोच्या असत्या तर तीच झडप ०.७४ आली असती, म्हणजे सरळ मॉडरेट.

पण एवढ्यावर "काही नाही हो" म्हणून घरी पाठवायची माझी हिंमत नव्हती, कारण जाड पेशंटमध्ये उलटी फसगत पण होते, चरबीतून इको धूसर दिसतो आणि डॉपलरचा (इकोमध्ये रक्ताचा वेग मोजतात तो) कोन चुकला की झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग कमीच येतो, म्हणजे सिव्हिअर झडपही साधी वाटते. म्हणून पुन्हा इको केला. डाव्या कुशीवर प्रोब दाबून दाबून माझं मनगट दुखायला लागलं तरी वेग २.९ च्या वर जाईना. मग त्यांना उजव्या कुशीवर वळवलं (दोन सिस्टर लागल्या, मावशी बिचाऱ्या सारखं सॉरी म्हणत होत्या) आणि पेन्सिलीसारखा बारका प्रोब छातीच्या हाडाच्या उजवीकडे लावला तर ३.३ मीटर पर सेकंद मिळाला, मीन ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक, २७. सिव्हिअरला ४ आणि ४० लागतात. तरी खात्रीसाठी सीटी कॅल्शियम स्कोअर (झडपेवर कॅल्शियम किती साचलंय ते) करून घेतला, तो ७०० च्या आसपास, बायकांमध्ये १२०० च्या वर गेला की काळजी.

मुलगा म्हणाला, "मग आईला दम का लागतो, सर?" प्रश्न बरोबरच होता. तेवढ्यात सूनबाई हळूच म्हणाल्या, आई रात्री इतक्या घोरतात की मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि आम्हीच दचकून उठतो. हे कुठल्याच फाईलमध्ये नव्हतं! दम त्यामुळेही लागत असेल म्हणून स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) लिहून दिली, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड सांगितलं, झडपेचा इको वर्षाने परत, मधे चक्कर किंवा छातीत दुखलं तर लगेच या म्हटलं.