खाद्याला एन्झाइम लावताना

तळ्यात वाढवतात त्या व्हेनामी जातीच्या कोळंबीच्या खाद्यात आता फिशमील (माशांची भुकटी) कमी आणि सोयाबीनची पेंड जास्त असते. पेंडीतलं सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेलं असतं. कोळंबीला ते पचत नाही, तळ्यात उतरतं आणि पाणी गर्द हिरवं होतं. फायटेज हे एन्झाइम ते मोकळं करतं, म्हणून मी ते वापरायला लागलो.

पहिल्या वेळी पूड कोरड्या खाद्यात कालवून टाकली. पाण्यात पडताच बरीचशी धुऊन गेली असणार, कारण कोळंबी दाणा पायांत धरून कुरतडत खाते, गिळत नाही. आता पूड थंड पाण्यात विरघळवतो, पूड दाण्याला चिकटून राहावी म्हणून बाइंडर घालतो, दाण्यांवर शिंपडून हाताने हलवतो आणि सावलीत सुकवतो. उन्हात मुळीच नाही. एन्झाइम हे प्रथिन, उष्णतेने मरतं. दाणे बनवतानाच्या वाफेतही साधं फायटेज बरंचसं वाया जातं, म्हणून ते वरून लावणंच मला पटतं.

खाद्य टाकल्यावर दोन तासांनी चेक ट्रे, म्हणजे किती खाल्लं ते पाहायला तळ्यात थोडं खाद्य घालून ठेवलेला ट्रे, उचलतो. ट्रे रिकामा आणि कोळंबीच्या पाठीतली आतड्याची रेघ भरलेली, अखंड दिसली की जिवाला बरं वाटतं. रेघ तुटक दिसली तर मात्र एन्झाइमचा विषय बाजूला. आधी पाणी तपासतो.