मामाचा कान आणि पंचवीस वर्षं

१२ मार्च १९९३ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा मामा दादरला प्लाझा सिनेमापाशी होता. त्या दुपारपासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्याच्याशी बोलायचं तर खुर्ची उजवीकडे ओढून घ्यायची, हे आमच्या घरातल्या पोराटोरांनाही न सांगता कळतं.

जुलै २०२२मध्ये त्याचा फोन आला. "तायडे, तू कोर्टाचे कागद करतेस ना? मग सांग, त्या स्फोटांतल्या अबू सालेमला पंचवीस वर्षांनी सोडणार म्हणजे काय?"

फिर्यादी, जबाब, पंचनामे मराठीतून इंग्रजीत नेणं हे माझं काम. उत्तर ठाऊक होतं, पण हे फोनवर बोलायचं नव्हतं. संध्याकाळी घरी गेले.

मामा निवृत्त मुद्रितशोधक. समोर कात्रण, हातात लाल पेन. बातमीतल्या 'प्रत्यार्पण' या शब्दातला काना त्याने आधीच खोडला होता. प्रति अधिक अर्पण, म्हणून प्रत्यर्पण. "परत देणं," तो म्हणाला. "दिला ना परत? मग आता तो आपला कैदी. पोर्तुगालचा काय संबंध?"

इथेच बहुतेकांची गल्लत होते. तडीपारीत पोलीस माणसाला जिल्ह्याबाहेर काढतात, हद्दपारीत एखादा देश नको असलेल्या परक्याला बाहेर घालवतो. प्रत्यर्पणात मात्र एक देश मागतो आणि दुसरा तपासून, अटी घालून देतो. त्या अटी माणसाबरोबर येतात आणि इथल्या तुरुंगातही त्याच्यासोबत राहतात.

अबू सालेम सप्टेंबर २००२मध्ये लिस्बनला पकडला गेला. तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यर्पणाचा करारच नव्हता. पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७मध्ये आणि जन्मठेप १८८४मध्ये रद्द केलेली. तिथली सर्वांत मोठी शिक्षा पंचवीस वर्षांची. म्हणून डिसेंबर २००२मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली: फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. तो आकडा आला तो तिथून. नोव्हेंबर २००५मध्ये सालेमला मुंबईत आणलं.

आणखी एक अट आपल्या १९६२च्या प्रत्यर्पण कायद्यातच आहे, कलम २१मध्ये. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागून आणला, खटला त्यांचाच. वाढीव काही लावायचं तर देणाऱ्या देशाला विचारा. सालेमवर काही जादा आरोप ठेवले गेले, तेव्हा २०११मध्ये पोर्तुगालच्या न्यायालयाने प्रत्यर्पणाचा आदेशच संपुष्टात आणला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यर्पण वैध आहे असंच म्हटलं, पण २०१३मध्ये ते जादा आरोप मागे घ्यायला परवानगी दिली.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रकरणाचा गठ्ठा माझ्याकडे आला होता. वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाई, कलमांच्या आकड्यांवर जाऊ नका." चारशेवीस म्हटलं की आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, परक्या न्यायाधीशाला त्या आकड्याचं काय? त्याला हवी असते कृती: कोणी, कोणाला, काय खोटं सांगून, किती पैसे काढले. ती कृती त्याच्याही देशात गुन्हा ठरली तरच गाडी पुढे सरकते. पंचनाम्यातल्या 'सदर इसमाने सदर रक्कम सदर ठिकाणी' या एका ओळीवर माझी अख्खी दुपार गेली. यातला प्रत्येक 'सदर' नावानिशी उलगडून लिहावा लागला.

मामाने शांतपणे ऐकलं आणि नेमकं दुखरं तेच विचारलं. सप्टेंबर २०१७मध्ये टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या विशेष न्यायालयाने याच स्फोटांच्या खटल्यात एकाच दिवशी ताहिर मर्चंट आणि फिरोज खान यांना फाशी सुनावली आणि सालेमला जन्मठेप. "माणसं गेली २५७. मग त्याच्यासाठी वेगळा काटा का?"

हा प्रश्न चुकीचा नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्याशी पोर्तुगालच्या राज्यघटनेवर मी वाद घालू शकत नाही. पण मामाला म्हटलं, हमी दिली नसती तर तो आपल्या न्यायालयासमोर कधी उभाच राहिला नसता. आणि आता हमी मोडली तर पुढच्या वेळी कोण देईल? मल्ल्या प्रकरणात लंडनच्या न्यायाधीशांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बारा क्रमांकाच्या बराकीची चित्रफीत मागवली होती. उजेड किती, वारा किती. नीरव मोदीच्या वेळीही तीच बराक. तिथेही भारताने शब्दच दिला आणि त्या न्यायालयांनी तो मानला. आपला शब्द खरा राहिला तरच पुढचा आरोपी हाती लागतो, असं मला मनापासून वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ला हेच स्पष्ट केलं. सरकारच्या हमीने न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत, म्हणून जन्मठेप कायम. पण सरकार बांधलेलं आहे: पंचवीस वर्षं भरली की राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२खाली राष्ट्रपतींना सुटकेचा सल्ला द्यायचा. पोर्तुगालमधल्या कैदेची वर्षं त्यात धरायची नाहीत, मोजणी २००५पासून.

"म्हणजे २०३०," मामा म्हणाला. "मी ब्याऐंशीचा असेन."

कात्रणाच्या समासात त्याने लाल शाईने २०३० लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. "तुझं कळलं मला. पटलं नाही अजून." मग त्याने उजवा कान माझ्याकडे केला. "ते अटींचं परत सांग. सावकाश."