आमची वाटचाल : गव्हाशिवायची खानावळ

पुण्यात ज्वारीची भाकरी कुठेही मिळते, मग त्यासाठी वेगळी खानावळ कशाला, असं आम्हाला सुरुवातीला सगळ्यांनी सुनावलं. ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं हे खरंच आहे. पण गिरणीवर आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की दगडांत अडकलेली कणीक पुढच्या ज्वारीत उतरते. शिवाय भाकरी थापताना चिरू नये म्हणून पिठात मूठभर कणीक घालणारे आचारी कमी नाहीत. ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थाला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, ग्लूटेनची मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅम. किलोभर ज्वारीत एक चमचा कणीक पडली तरी ती दहापटीच्या वर ओलांडली जाते. सीलिअ‍ॅक हा ग्लूटेनमुळे आतड्यांना इजा होणारा आजार असलेल्याला तेवढ्यानेही त्रास होतो.

म्हणून पहिली खरेदी घरघंटीची. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा गेलेला नाही. ज्वारी ताटात पसरून निवडतो, कारण पोत्यात गव्हाचे चुकार दाणे असतातच. बारीक जाळी लावून रोजच्यापुरतंच दळतो. शिळ्या पिठाची भाकरी मोडते आणि मग आचाऱ्याचा हात कणकेकडे वळतो. काठवट नवी घेतली, जुनी चालत नाही. लाकडाच्या भेगांतलं पीठ धुऊन निघत नाही.

पहिल्या वर्षी एक काकू नातवाला घेऊन आल्या. ऑर्डर देण्याआधी त्यांनी हिंगाची डबी मागितली. बांधणी हिंगात मैदा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमची डबी डिंक आणि तांदळाच्या पिठाची निघाली, तेव्हा कुठे त्या बसल्या. आजही शनिवारी येतात आणि डबी आजही बघतात. बघावीच.

मग जवळच एका हॉटेलने ‘ग्लूटेन-फ्री थाळी’चा फलक लावला, आमच्यापेक्षा स्वस्त. पुऱ्या तळलेल्या तेलातच पापड, सुरमईला रवा, भाकरी बाहेरच्या पिठाची. तळल्याने ग्लूटेन जळून जातं, असं तिथे बिनदिक्कत सांगायचे. ते जळत नाही, तेलात उतरतं. तिथे जेवून लोकांची पोटं बिघडली आणि ‘ग्लूटेन-फ्री’ या शब्दावरचा विश्वासच उडाला. भोगलं आम्ही. रविवारची टेबलं रिकामी, भाडं थकलेलं, घरघंटी विकायची बोलणी झाली होती. काकूंनी ओळखीच्या सीलिअ‍ॅक कुटुंबांना एकेक करून पाठवलं, म्हणून खानावळ टिकली. तो फलक पुढे उतरला, पण कुणी चूक कबूल केल्याचं ऐकलं नाही. ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

पुढची वर्षं सुरळीत गेली.

बाहेर जेवणाऱ्यांना एवढंच सांगू : ‘ग्लूटेन-फ्री आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. पीठ कुठे दळता, भाकरीचा तवा पोळीपासून वेगळा आहे का, तळणीची कढई कोणती, असं विचारा. भजन्यांमध्ये बऱ्याचदा गहू असतो, तेव्हा थालीपीठ चौकशीशिवाय नको. चायनीजमधल्या साध्या सोया सॉसमध्येही गहू असतो. कुठेच खात्री नसेल तर उपासाची साबुदाणा खिचडी किंवा भगर मागवा. त्यांत हिंग नसतो, फक्त भांडं आणि डाव स्वच्छ हवा.

आणि हॉटेलवाल्यांना : सॅनिटायझर फवारून ग्लूटेन जात नाही. साबण, पाणी आणि वेगळी घासणी लागते.

दहा-बारा जणांचं यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा. ज्वारी निवडायला वेळ लागतो.