तीन मतांतलं एक

नगरपरिषदेच्या निवडणुकीत एका मतदाराला साधारणपणे तीन मतं असतात. एक थेट नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या दोन जागांना, अ आणि ब. आमच्या गावातल्या कितीतरी लोकांना हे मशीनसमोर उभं राहिल्यावर कळलं. मी मात्र या तीन मतांनी आधीच महिनाभर हैराण झाले होते. मी प्रभागातल्या ‘ब’ जागेची अपक्ष उमेदवार. म्हणजे प्रत्येक दारात जाऊन मी तीन मतांतलं एकच मागत होते, आणि एक द्यायला कुणाचंच काही जात नव्हतं.

मी झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवते. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, सगळं माझ्याकडे. गावातल्या माणसाची जन्मतारीख त्याच्या बायकोपेक्षा मला पक्की पाठ असते. गेल्या काही वर्षांत त्यात तक्रारअर्जांची भर पडली. आमची मागची निवडणूक 2016 ची. मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात अडकून राहिला. राज्यभर नगरपरिषदांवर प्रशासक बसले ते बसलेच. नगरसेवक नाही, त्यामुळे लोकांनी कुणाच्या दारात जायचं हाच प्रश्न. मग चतुर्थ वार्षिक कर आकारणीची, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरवण्याची, नोटीस आली की माणूस माझ्या काउंटरवर. ‘ताई, पत्र्याच्या खोलीला आरसीसीचा दर लावलाय, जरा हरकत लिहून द्या.’ मी लिहून द्यायचे, आवक शिक्का घेऊन यायला सांगायचे, आणि शिक्क्याची प्रत फाईलला लावायचे. पुढे काय व्हायचं? काही नाही. फाईल जाड व्हायची.

मे 2025 मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, ऑक्टोबरात आरक्षणाची सोडत निघाली आणि आमची ‘ब’ सर्वसाधारण महिला झाली. त्या संध्याकाळी दुकानात चार पुरुष आले आणि चौघांनी आपापल्या बायकोच्या मतदार ओळखपत्राची झेरॉक्स काढून नेली. त्यातल्या एकीला तरी घरी विचारलं होतं का, कोण जाणे. माझ्या डोक्यात उभं राहण्याचा विचार पक्का झाला तो तेव्हा.

2011 पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, पण अर्ज भरायला फाईल घेऊन येतो तो नवराच. माझ्या विरोधातल्या दोन पक्षांच्या उमेदवारांचेही अर्ज माझ्याच दुकानात भरले गेले, कारण गावात दुसरं दुकान बसस्थानकाजवळ आणि तिथला पोरगा दुपारी झोपतो. अर्ज म्हणजे नुसता अर्ज नसतो. कराची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं नसल्याची घोषणा, राखीव जागा असेल तर जात पडताळणीचं वेगळं, आणि निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं. एका बाईंच्या शपथपत्राच्या एका पानावर सहीच नव्हती. ते मी त्यांच्या यजमानांना दाखवून दिलं. आमच्या घरी यावरून बोलणं झालं. पण समोरचीचा अर्ज बाद होऊन निवडून येण्याची हौस मला नव्हती, आणि शिवाय मी पैसे घेतले होते.

21 नोव्हेंबर ही माघारीची तारीख. त्याआधीचे दिवस सगळ्यात करमणुकीचे. ज्यांनी कधी दुकानाची पायरी चढली नाही अशी वजनदार मंडळी घरी येऊन बसायला लागली. भाषा एकच: ‘वहिनी, तुमचं काम चांगलंय, पण मतं फुटतील. आता थांबा, स्वीकृतला तुमचं बघू.’ यातलं ‘वहिनी’ माझ्यासाठी आणि नजर सगळी आमच्या ह्यांच्याकडे. हे बिचारे कधी मान हलवत, कधी पंख्याकडे बघत. स्वीकृत म्हणजे मतदानाशिवाय नेमलेला सदस्य, आणि त्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. माझ्या हिशेबाने त्या आठवड्यात गावातल्या किमान डझनभर लोकांना त्या कबूल झाल्या होत्या. त्यातले तिघे माघारीचा अर्ज टाइप करायला माझ्याकडेच आले, म्हणून मला माहीत.

मी थांबले नाही. 26 नोव्हेंबरला चिन्ह मिळालं, कपबशी. आणि मतदान 2 डिसेंबरला. पक्षाचं चिन्ह लोकांच्या डोळ्यात वर्षानुवर्षं बसलेलं असतं, अपक्षाला ते बसवायला पाच-सहा दिवस. त्यात मशीनवर पक्षांची नावं वर आणि आम्ही अपक्ष खाली, ‘वरीलपैकी कोणी नाही’च्या शेजारधर्माला. तोवर मी ‘चिन्ह नंतर सांगते, आधी नाव लक्षात ठेवा’ म्हणत फिरले होते. नाव कुणी लक्षात ठेवत नाही हो. ‘झेरॉक्सवाल्या ताई’ हेच माझं नाव, आणि ते मतपत्रिकेवर छापत नाहीत.

आता दारोदारचं सांगते.

पक्षांची माणसं नमुना मतपत्रिका घेऊन फिरत होती आणि त्यांचं काम सोपं होतं: वरपासून खालपर्यंत एकच चिन्ह शोधा, तीनदा दाबा, बाहेर या. माझं समजावणं असं: ‘पहिलं तुम्हाला हवं त्याला द्या, दुसरं हवं त्याला द्या, पण ब मध्ये, म्हणजे मतपत्रिकेचा रंग वेगळा असेल बघा, तिथे खाली कपबशी.’ एवढं बोलेपर्यंत समोरच्या बाईंच्या गॅसवरचं दूध वर आलेलं असायचं.

आणि होकार! कुठेही नकार नाही. मागच्या गल्लीतल्या एक मावशी आहेत, त्यांच्या निराधार योजनेचे कागद मी केले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘बाई गं, तीन मतं दिलीत ना सरकारनं? एक तुला, एक त्या दादाला, एक त्या पाटलाच्या सुनेला. कुणाचं मन मोडायचं नाही.’ पाटलांची सून ‘ब’ मध्येच होती, माझ्याच समोर. मी सांगायला लागले की मावशी, आम्हा दोघींपैकी एकीलाच देता येतं. त्यांनी मायेने माझ्या गालावरून हात फिरवला. ‘देते गं दोघींना. मशीन माझं काय ऐकणार नाही?’

खोटं बोलत नव्हत्या त्या. गावात एकाच गल्लीत जन्म काढायचा असतो. लग्नाला, मयताला हीच माणसं लागतात. तोंडावर नाही म्हणणं हा उर्मटपणा समजतात. एका मताची निवडणूक असती तर लोकांना निदान मनात तरी कुणाला तरी नाही म्हणावं लागलं असतं. तीन मतांनी तीही अडचण मिटवली. पहिले काही दिवस मी यादीत नावापुढे पेन्सिलने बरोबरची खूण करत होते. आठवड्याने पाहिलं तर सगळ्या पानांवर खुणाच खुणा. त्या यादीवर विश्वास ठेवला असता तर समोरच्या उमेदवारांचं डिपॉझिट जप्त झालं असतं. मग मी खुणा करायचं सोडून दिलं आणि फक्त कोण प्रश्न विचारतं ते लिहायला लागले. घरपट्टीच्या हरकतीची सुनावणी कोण घेणार, नगरपरिषदेच्या सभेत तुम्हाला बोलता येतं का, असं विचारणारा माणूस बहुधा मत देणार असतो. ‘तुमचंच आहे हो’ म्हणणारा गोड माणूस तेच वाक्य दुपारी दुसऱ्यालाही ऐकवतो.

यादीवरून आठवलं. ही निवडणूक विधानसभेच्या मतदार यादीवरच होते, 1 जुलै 2025 पर्यंतची नावं धरून. ऑक्टोबरात प्रभागनिहाय यादी आली तेव्हा लोक माझ्याकडे ‘आमचं नाव घाला’ म्हणून आले. घालता येत नव्हतं. फार तर एका प्रभागातलं नाव चुकून दुसऱ्यात गेलं असेल तर हरकत घेता येत होती. रस्त्याच्या अलीकडची एक अख्खी रांग पलीकडच्या प्रभागात गेली होती, ती आम्ही हरकती भरून परत आणली. दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. आणि मेलेली माणसं जिवंत होती. माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, ते यादीत दिमाखात होते, वयही वाढत चाललेलं. पंचविशीतल्या पोरांनी मात्र नगरपरिषदेचं मत कधी दिलंच नव्हतं, कारण 2016 मध्ये ती शाळेत होती. त्यांना तीन बटणांचं समजावणं सगळ्यात सोपं गेलं. म्हाताऱ्यांना वाटायचं मी काहीतरी फसवते आहे.

लक्ष्मीदर्शनाबद्दल फार लिहीत नाही. शेवटच्या रात्री काही घरांचे दिवे उशिरापर्यंत चालू होते. सकाळी एका काकूंनी मला रस्त्यात सरळ विचारलं, ‘तुमचं काही आलं नाही ते?’ रागाने नव्हे, जशी दूधवाल्याची चौकशी करतात तसं. आमच्यासारख्या लहान, क वर्ग नगरपरिषदेच्या सदस्याला खर्चाची मर्यादा अडीच लाख होती. मी त्याच्या जवळपासही गेले नाही, तरी रोजचा हिशेब द्यायचाच. रिक्षाचा भोंगा, खुर्च्या, पत्रकं, चहा, प्रत्येकाचे दर ठरवून दिलेले. पाव्हण्याने फुकट दिलेली रिक्षासुद्धा त्या दराने खर्चात धरायची. हिशेब ठेवण्याचं दुःख मला नव्हतं, तो माझा धंदाच आहे. बाकीचे उमेदवार पावत्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे यायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

मतदानाच्या दिवशी तीन मतांचा खरा तमाशा झाला. तिन्ही मतं दिल्याशिवाय मशीनचं काम पुरं होत नाही. आजोबा एक बटण दाबून विजयी मुद्रेने बाहेर निघत आणि केंद्राध्यक्ष त्यांना ‘अजून दोन राहिली’ म्हणत पुन्हा आत पाठवत. रांग शाळेच्या फाटकाबाहेर. दुपारी मागच्या गल्लीतल्या त्या मावशी बाहेर आल्या आणि लांबूनच मला बोटांनी एक अशी खूण केली. ते माझं एक की त्यांनी एकच दाबलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मोजणी दुसऱ्या दिवशी होती. पण काही ठिकाणची निवडणूक 20 डिसेंबरवर गेली होती, आणि आमचं मतदान चालू असतानाच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की सगळ्यांचा निकाल एकदम 21 ला. दुकानात फोनवर बातमी वाचून दाखवली तर एका उमेदवाराने चक्क डोकं धरलं. त्याने गुलाल आणून ठेवला होता.

मग ते मधले दिवस. मशीन गोदामात, गोदामाबाहेर पोलीस, आणि पोलिसांच्या समोर खुर्च्या टाकून पक्षांची पोरं पहारा देत बसलेली. मी दुकान उघडलं. गिऱ्हाईक येत होतं, पण कोण कसं येतं ते बदललं होतं. मत दिलेली माणसं नेहमीसारखी येऊन बसत. न दिलेली जरा जास्तच गोड बोलत. एकाने दोन रुपयांच्या झेरॉक्सला दहाची नोट दिली आणि ‘राहू द्या’ म्हणाला. तेव्हाच मी त्या गल्लीचा हिशेब सोडून दिला.

21 ला हरले. दुसऱ्या क्रमांकावर. फरक शंभरीच्या थोडा पुढचा, म्हणजे चांगली दोन मोठी घराणी आणि एक वाडा. लहान गावात हरण्याचं एक वेगळं आहे. मोजणी मशीनवार होते, त्यामुळे कुठल्या केंद्रावर किती पडली ते टेबलावर बसल्या बसल्या कळतं. केंद्र म्हणजे चार-सहा गल्ल्या. ज्या केंद्रावर मी अर्ज लिहून लिहून बोटं दुखवली तिथे मी पुढे होते, हे बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या चुलत नणंदेच्या केंद्रावर मात्र आकडा असा होता की तो तिला मी अजून सांगितलेला नाही, आणि तिनेही विचारलेला नाही. निवडून आल्या त्या पाटलांच्या सूनबाई. चांगली शिकलेली मुलगी आहे. मिरवणुकीत जीपवर तिचे सासरे पुढे होते, नवरा मधे, आणि ती मागे उभी होती.

लोक विचारतात, पुढच्या वेळी? पुढच्या वेळी प्रभाग असाच राहील का, सोडतीत जागा महिलांना येईल का, नगराध्यक्ष थेट असेल की सदस्यांतून, यातलं काहीही आज सांगता येत नाही. थेट निवडीचा कायदा तर 2016 मध्ये आला, 2020 मध्ये गेला आणि 2022 मध्ये परत आला. ज्याचं मैदानच ठरलेलं नाही त्याची तयारी काय करणार!

खर्चाचा अंतिम हिशेब मुदतीत दिला आणि पोच घेतली. आता दुकानात यादीचं काम काढलंय. नव्या पोरापोरींसाठी नमुना 6, गेलेल्यांसाठी 7, पत्ता बदललेल्यांसाठी 8. पहिला 7 सासऱ्यांचा भरला. मृत्यूचा दाखला शोधायला आमच्या ह्यांना ट्रंक उपसावी लागली. काल सूनबाईंचे सासरे आले होते, त्यांच्या नातीचा 6 भरायला. फोटो आणला नव्हता. मी म्हटलं, फोटो घेऊन या आणि मुलीलाही घेऊन या, सही तिची लागते.