खोडलेलं वाक्य

"मॅडम, हे तुम्हाला दिसतं?" नववीतली एक मुलगी आज चक्क दचकली.

गूगल डॉक्सवर गटाने मिळून मुंबईच्या पावसावर निबंध लिहायचा होता. फाइलची व्हर्जन हिस्ट्री (आधी काय लिहिलं, काय खोडलं याची नोंद) उघडली तर तिच्या परिच्छेदातलं खोडलेलं वाक्य समोर: 'पाणी भरलं की आई शेगडी माळ्यावर ठेवते आणि आम्ही रात्री वडापाव खातो.' त्याजागी आलं होतं, 'पाऊस हा निसर्गाचा अनमोल ठेवा आहे.'

शेजारी गटातल्या एकाची कॉमेंट: 'निबंधात असलं चालत नाही.'

(वहीत खोडरबराने केव्हाच गेलं असतं.)

आता गटाला सजेस्टिंग मोड लावायला सांगितलाय. खोडलेलं निदान रेघ मारून समोर राहतं, त्यावर भांडता येतं. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोराला 'चालत नाही' हे शिकवलं कोणी?