धानाचा ठेका आणि हार्वेस्टरची वाट: माझा अनुभव

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या चौरास भागात शेत ठेक्याने, म्हणजे वर्षाचे पैसे ठरवून कसायला, घ्यायचं की नाही, हे आता मातीपेक्षा मशीन तिथवर पोहोचतं की नाही यावर ठरतं. माझी स्वतःची अडीच एकर आहे. शिवाय मागच्या खरिपात गावातल्या दोन मालकांची मिळून चार एकर ठेक्याने केली. बैलजोडीच्या काळात एवढं अंगावर घेण्याची हिंमतच झाली नसती. आता ट्रॅक्टर तासावर मिळतो आणि हार्वेस्टरही भाड्याने येतो, म्हणून घेतलं.

नांगरणी-चिखलणी सुरळीत झाली, रोवणी, म्हणजे भाताची लावणी, बायांच्या टोळीने हुंड्याने (एकूण कामाचे पैसे ठरवून) करून दिली. पाणीही वेळेवर मिळालं. अडलं ते कापणीला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

दिवाळीनंतर पंजाब-हरियाणाकडची मशीनं आमच्या भागात उतरतात. ती आणणारा एक दलाल असतो. त्याला रोवणी झाली तेव्हाच सांगून ठेवलं होतं. धान पिकल्यावर मात्र रोज एकच उत्तर: "भाऊ, उद्या नक्की." खरं कारण मला नंतर चालकाशी बोलताना कळलं. त्याला सलग पंधरा-वीस एकर पाहिजे असतात. एका ठिकाणी उतरला की शेजारची सगळी शेतं उरकूनच तो हलतो. माझं एक शेत गावाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. मग माझा नंबर लागणार शेवटीच.

त्या टोकाच्या शेताला पांदण रस्ताही नाही. मध्ये शेजाऱ्याची बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, आणि तिच्यात त्याचं भारी (उशिरा पिकणारं) धान उभं. त्याची कापणी होईपर्यंत मशीन आत जाणार कसं? इकडे माझं धान पिकून लोळलेलं. बांधीत पाय ठेवला की लोंबीतून दाणे टपटप झडायचे, बाहेर आलो की चपलेत मूठभर दाणे निघायचे. विळ्याने कापून टाकावं म्हटलं तर मजूर मिळेनात, ज्याचं-त्याचं स्वतःचं काम सुरू. मिळाले असते तरी चुरणीचा (मळणीचा) खर्च वेगळाच.

शेवटी मशीन आलं ते चाकाचं. खालच्या बांधीत ओल होती. चालकाने पाय रोवून पाहिलं आणि मान हलवली. चेनचं मशीन पाहिजे, हे मी दलालाला आधीच सांगितलेलं होतं. पुन्हा थांबणं आलं. चेनचं आलं तेव्हाही सकाळी दव इतकं की ऊन चढेपर्यंत कापणी सुरू झाली नाही. आणि बांध्या एवढ्या लहान की कापण्यापेक्षा वळण्यातच वेळ जायचा. भाडं मात्र तासाचं. कोपरे विळ्यानेच कापावे लागले, एक धुराही (बांधही) चेनखाली फुटला.

दोन बांध्या जोडून एक केल्या तर हा खर्च कमी होईल, हे सगळ्यांना कळतं. पण धुरा मोडायचा कोणी? जमीन माझी नाही, आणि ठेका तोंडी, एका वर्षाचा. विदर्भाला 1958 पासून वेगळा कुळकायदा आहे. आपण दिलेल्या जमिनीला कूळ लागेल, म्हणजे कसणारा तिच्यावर हक्क सांगेल, या भीतीने मालक कागद करत नाहीत. पुढच्या वर्षी शेत माझ्याकडे राहील याची खात्री नसताना मी त्यात पैसा का घालू?

तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, आधीच बोलून घ्या, हे सांगायचं राहिलंच. कापणी झाल्यावर मालक काकाजी शेतावर आले आणि म्हणाले, "माझ्या गाईचं तणस कुठं आहे?" हार्वेस्टर तणस बारीक करून शेतभर उडवतो, पेंढ्या बांधता येत नाहीत. शेवटी माझ्या घरच्या, हाताने कापलेल्या शेतातलं तणस त्यांना दिलं.

विक्रीचंही ठेका ठरवतानाच बोला. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी होते सातबारा आणि ई-पीक पाहणीवर (मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या नोंदीवर), म्हणजे पैसे मालकाच्या खात्यात. 2024-25 ला साधारण धानाचा आधारभूत भाव 2,300 रुपये क्विंटल होता. तो हवा असेल तर मालक भरवशाचा पाहिजे आणि धानात ओलावा 17 टक्क्यांच्या आत पाहिजे. मशीनचं धान दमट निघतं, एक-दोन उन्हं द्यावीच लागतात. खळ्याची जागा आधी पाहून ठेवा.

मशीनमुळे ठेक्याने शेत मिळणं सोपं झालं असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. रस्त्याला लागून ज्यांची शेती आहे, ते नागपूरला नोकरी करणारे मालक आता फोनवरच ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर ठरवून स्वतः शेती करतात. माझ्या दोन मालकांपैकी रस्त्यालगतच्याने हंगाम संपताच सांगितलं, "पुढल्या साली मीच करतो." मला राहिलं आतलं, बिनरस्त्याचं शेत. त्याचा ठेका कमी करून देत होते, तरी मी नाही म्हटलं. त्याऐवजी माझ्या अडीच एकराला लागूनचं दीड एकर घेतलं, गावातल्या दरापेक्षा जास्त देऊन. सलग चार एकर झाले. शेजारच्या दोघांनाही विचारलं आहे. आम्ही तिघांनी एकाच वेळी पिकणारं वाण लावलं तर दलालाला पहिल्या दिवसापासून दहा एकरांचा सलग पट्टा सांगता येईल.